सर्किटवरची संध्याकाळ कोणाच्या वेगाने?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: मूळच्या सांगलीकडच्या आणि गेली अनेक वर्षे अबुधाबीत राहणाऱ्या एका भगिनीने हे पत्र पाठवले आहे. त्यांच्या यजमानांना रोड बाइकचा, म्हणजे वेगाने चालवायच्या हलक्या सायकलीचा, नाद लागला आहे. तेथील ‘यास’ नावाच्या बेटावरचे मोटार शर्यतींचे सर्किट ज्या संध्याकाळी सायकलस्वारांसाठी खुले असते, त्या संध्याकाळी ते सगळ्या कुटुंबाला तेथे घेऊन जातात. पोहोचल्यावर मात्र ते आपल्या गटाबरोबर फेऱ्या मारू लागतात, आणि नऊ वर्षांची मुलगी व सहा वर्षांचा मुलगा यांना सांभाळत या कडेला थांबतात. मुलीला बाबांसारखी पूर्ण फेरी मारायची आहे. मुलाच्या सायकलला अजून आधाराची चाके आहेत. मध्यंतरी वेगाने आलेला सायकलस्वारांचा एक ताफा मुलीच्या अगदी जवळून गेला. ती दचकून ट्रॅकच्या मधेच थांबली आणि मागून येणाऱ्यांनी तिला जेमतेम चुकवले. यजमान म्हणतात, “जिथे एकही गाडी नाही तिथे घाबरायचे कशाला?” सासूबाई फोनवरून बजावतात, “लहान मुलांना शर्यतीच्या ट्रॅकवर नेतेच कशी?” पत्रलेखिकेने स्वतः वीस वर्षांत सायकल चालवलेली नाही. त्या विचारतात, “मी उगाचच भिते आहे का? मुलांना नेणे बंद करू, की घरच्यांसाठी मन मारून जात राहू?”

नमस्कार,

तुमच्या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे आधी देते. तुम्ही उगाच भीत नाही, आणि मुलांना तेथे नेणे कायमचे बंद करावे असेही मला वाटत नाही. मन मारून जात राहणे हा पर्याय मात्र मी यादीतून काढूनच टाकला आहे, कारण मन मारून ट्रॅकच्या कडेला उभी असलेली आई मुलांकडे नीट लक्षही देऊ शकत नाही आणि तिला त्या संध्याकाळीतून काही मिळतही नाही.

तुमच्या यजमानांचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि त्या अर्ध्या भागाला योग्य ते श्रेय द्यायला हवे. अबुधाबीतल्या रुंद रस्त्यांवर ज्या वेगाने वाहने जातात, ते पाहता तेथे नऊ वर्षांच्या मुलीला सायकल घेऊन सोडणे अशक्यच आहे. अशा शहरात यास मरीना सर्किटसारखी जागा चालणाऱ्यांसाठी, धावणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी खुली होते, ही मोठीच सोय आहे. २००९ साली तेथे पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. ती दिवसाउजेडी सुरू होऊन दिव्यांच्या प्रकाशात संपते, त्यामुळे ट्रॅकभर प्रकाशव्यवस्था आहे. अशा सर्किटची रुंदी किमान १२ मीटर ठेवावी लागते, म्हणजे साधारण तीन-चार मार्गिकांच्या रस्त्याएवढी मोकळी, खड्डे नसलेली जागा मिळते. बहरीनमधील साखीरचे सर्किट, दुबई ऑटोड्रोम आणि कतारमधील लुसैल येथेही अशा खुल्या संध्याकाळी असतात, आणि आखातात राहणाऱ्या पुष्कळ मराठी कुटुंबांना त्यांचा लाभ होतो. तेव्हा पुढे जे लिहिते आहे ते त्या वाचकांनाही लागू पडावे.

आता त्यांच्या विधानाचा दुसरा अर्धा भाग पाहू. गाड्या नसल्या म्हणून वेग नाहीसा होत नाही. गटाने चालवणारे सायकलस्वार सपाट ट्रॅकवर ताशी ३५ ते ४० किलोमीटरने सहज जातात, तर नऊ वर्षांची मुलगी ताशी १०-१२ किलोमीटरने जाते. ताफा ताशी ३६ च्या आणि मुलगी ताशी १२ च्या वेगाने जात आहे असे धरले, तर तिच्या २० मीटर मागे असलेला ताफा तिला तीन सेकंदांत गाठतो. शिवाय गटातले सायकलस्वार वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून एकमेकांच्या मागे अगदी चिकटून चालवतात. पहिल्या स्वाराला समोरचे मूल दिसते आणि तो ऐनवेळी बाजूला होतो. त्याच्या मागच्या दुसऱ्या-तिसऱ्या स्वाराची नजर पुढच्याच्या मागच्या चाकावर असते, आणि त्याला ते मूल दिसते तेव्हा बाजूला व्हायला फारसा अवधी उरलेला नसतो. तुमच्या मुलीच्या बाबतीत बहुधा हेच घडले असावे. यात एका कोणाचा बेजबाबदारपणा असेलच असे नाही. दोन फार वेगळे वेग एकाच पट्ट्यात आले की असे होते.

आणखी एक गोष्ट रस्त्यावर नसते, सर्किटवर असते. शर्यतीचा चालक वळणावर येताना बाहेरच्या कडेने येतो, वळणाच्या मध्यावर आतली कड गाठतो आणि पुन्हा बाहेर जातो, कारण त्या वाटेने वेग सर्वांत कमी घटतो. वेगवान सायकलस्वारही नकळत हीच वाट धरतात. मुलाला आपण “कडेने चाल” एवढेच सांगतो, आणि मूल वळणावर आतल्या कडेला चिकटते, म्हणजे नेमके तेथेच जाते जेथे मागून येणारा ताफा झुकणार असतो. म्हणून “कडेने चाल” एवढी सूचना सर्किटवर पुरत नाही. आयोजकांनी सावकाश जाणाऱ्यांसाठी जी बाजू ठरवून दिली असेल, तीच बाजू वळणावरही सोडायची नाही, असे मुलीला सांगावे लागेल आणि पहिल्या फेरीत वळणागणिक दाखवावेही लागेल.

सासूबाईंच्या काळजीला फार वेळ देत नाही. त्यांनी दूरदर्शनच्या पडद्यावर तासाला तीनशे किलोमीटरने धावणाऱ्या गाड्या पाहिल्या असतील आणि नात त्याच ट्रॅकवर आहे एवढेच त्यांना ऐकू आले असेल. एखाद्या संध्याकाळी व्हिडिओ कॉल करून त्यांना तेथे चालणारी, बाबागाडी ढकलणारी माणसे दाखवा. त्यांची निम्मी काळजी तेवढ्याने मिटेल.

पूर्ण फेरीविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण तुमच्या पत्रात सगळे याच एका गोष्टीपाशी अडकले आहे. तुमची मुलगी, तिचे बाबा आणि थोड्या प्रमाणात तुम्हीसुद्धा असे धरून चालला आहात की सर्किटवर जायचे म्हणजे फेरी पूर्ण करायची. २०२१ मध्ये काही वळणे बदलल्यापासून यास मरीनाची एक फेरी ५.२८१ किलोमीटरची आहे. ताशी १२ किलोमीटरने तिला सुमारे २६ मिनिटे लागतील, तीही कोठेही न थांबता. सोसायटीच्या आवारात मूल दमले की सायकल टाकून घरी येते. सर्किटवर मधूनच माघारी फिरता येत नाही, कारण उलट दिशेने जाणे नियमातही बसत नाही आणि त्याहून मोठा धोका दुसरा नाही. तिसऱ्या किलोमीटरवर मुलगी रडवेली झाली, तर उरलेले अंतर सायकल हातात धरून कडेने चालावे लागते. एक किलोमीटरहून लांब असा सरळ पट्टा समोरून वारा असताना मोठ्यांनाही दमवतो, आणि दिवसभर तापलेले डांबर सूर्यास्तानंतरही बराच वेळ उष्णता सोडत राहते. मुलगी दमली की तिचे चाक डगमगू लागते, आणि डगमगणारे चाक हेच मागून येणाऱ्यांना सर्वांत त्रासाचे असते.

म्हणून पूर्ण फेरी ही बक्षिसासारखी न ठेवता तिला एक स्पष्ट निकष द्या. अबुधाबीत हुदैरियात बेटावर स्वतंत्र सायकल मार्ग आहेत, कॉर्निश या समुद्रकाठच्या रस्त्यावरही सायकलसाठी वेगळी पट्टी आहे. तेथे ती सलग सहा किलोमीटर न थांबता, सरळ रेषेत आणि शेवटी गप्पा मारता येतील एवढा दम राखून चालवू लागली, आणि हे एकदाच नव्हे तर लागोपाठ काही वेळा जमले, की ती सर्किटच्या फेरीला तयार झाली असे समजा. सर्किटचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग स्वतंत्रपणे वापरता येतात. एखाद्या संध्याकाळी छोटी फेरी खुली असते का, हे नोंदणीच्या वेळी विचारून घ्यावे. तसे असेल तर सुरुवात त्या छोट्या फेरीनेच करावी.

फेरीच्या वेळी मोठ्या माणसाने मुलीच्या पुढे नव्हे, मागे राहावे, आणि वेगवान सायकली ज्या बाजूने ओलांडत असतील त्या बाजूला किंचित सरकून चालवावे, म्हणजे ताफ्याला आधी मोठे माणूस दिसते आणि मूल आपोआप आडोशाला राहते. मुलीला फार सूचना देऊ नका. त्या तिच्या लक्षात राहणार नाहीत. मागून आवाज आला तरी आपली रेषा सोडायची नाही आणि वळून पाहायचे नाही, हे पहिले. थांबायचे असेल तर आधी हात वर करून, हळूहळू कडेला जाऊन, ट्रॅकच्या बाहेर उतरून मगच थांबायचे, हे दुसरे. त्या संध्याकाळी ती मधेच थांबली तो दोष तिचा नव्हे, कारण दचकल्यावर थांबणे हे मुलांचे अगदी स्वाभाविक वागणे आहे. पण सर्किटवर तेवढे एक शिकून जावे लागते. वळणांवरच्या रंगीत, खाचांच्या कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या पट्टीवर, सायकल चढवण्याचा मोह बहुतेक मुलांना होतो. त्यावर चाक घसरते, म्हणून ते आधीच बजावून ठेवा.

सहा वर्षांच्या मुलाला तूर्त ट्रॅकवर नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आधाराच्या चाकांची सायकल वळणावर झुकू शकत नाही, त्यामुळे मूल थोड्या वेगातही बाहेरच्या बाजूला कलंडते. शिवाय त्या चाकांवर तो तोल सांभाळायला शिकतच नाही, फक्त पेडल मारायला शिकतो. ती चाके काढा, काही दिवस पेडलही काढून ठेवा, आणि दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतील इतकी सीट खाली करून त्याला पायांनी ढकलत सायकल पळवू द्या. दोन्ही पाय वर घेऊन तो थोडे अंतर सहज घरंगळत जाऊ लागला की पेडल परत बसवा. हे काम इमारतीखालच्या मोकळ्या जागेतच चांगले होते. त्यासाठी आठवड्यातली एक संध्याकाळ आणि तीस किलोमीटरचा गाडीप्रवास खर्च करण्याचे काहीच कारण नाही.

आता तुमच्याविषयी. तुमच्या पत्रात मुलीची सायकल आहे, मुलाची आहे, यजमानांची तर आहेच. तुमची मात्र नाही, आणि ती का नाही याविषयी तुम्ही एका ओळीपलीकडे काही लिहिलेले नाही. वीस वर्षांनीही तोल सांभाळणे विसरले जात नाही, पण इतर काही सवयी मुद्दाम बदलाव्या लागतात. सांगलीच्या रस्त्यांवर तुमच्या अंगी डाव्या बाजूने चालवण्याची सवय भिनलेली आहे आणि अबुधाबीत वाहतूक उजव्या बाजूने चालते. शांतपणे चालवताना हे लक्षात राहते, पण घाबरल्या क्षणी हँडल जुन्या सवयीच्या दिशेला वळते. ब्रेकचेही तसेच आहे. आपल्याकडच्या सायकलींना उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. बाहेरच्या देशांत विकल्या जाणाऱ्या अनेक सायकलींना नेमके उलट असते. बसण्याआधी सायकल उभी धरून दोन्ही ब्रेक दाबून पाहा, कारण पुढचा ब्रेक चुकून जोरात दाबला गेला तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जाऊ शकतो. यास मरीना येथे स्त्रियांसाठी राखीव संध्याकाळही असते. तिचा सध्याचा वार आणि वेळ नोंदणी करतानाच पाहून घ्या. सायकली तेथेही मिळतात, पण मोजक्याच असल्याने लवकर जावे लागते. पहिल्या दोन-तीन वेळा तेथे मुलांशिवाय जा. स्वतःचा तोल आणि मुलीचे चाक या दोन्हींवर एकाच वेळी लक्ष ठेवण्याची वेळ नंतर येईलच.

“मग मुलांना कोण पाहील?” असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, आणि मला वाटते की तुमच्या पत्रातला खरा पेच हाच आहे. ताफा मुलीच्या जवळून गेला ही घटना घडली नसती, तरी हे पत्र तुम्ही आज ना उद्या लिहिलेच असते. कुटुंबाची म्हणून ठरवलेली संध्याकाळ प्रत्यक्षात एका माणसाच्या व्यायामाची झाली आहे आणि बाकीचे तिघे त्याची सोबत करत आहेत. यजमानांचा व्यायाम चुकीचा नाही; आखातात दिवसभर वातानुकूलित कार्यालयात बसणाऱ्या माणसाला तो आवश्यकही आहे. चूक एवढीच आहे की एकाच संध्याकाळीला दोन कामे लावली गेली आहेत.

ती वेगळी करता येतात. पहिला मार्ग असा की मंगळवार असो वा दुसरा वार, ती संध्याकाळ त्यांनी एकट्याने गटाबरोबर घालवावी आणि शनिवारी किंवा रविवारी चौघांनी हुदैरियातला जावे, जेथे वेग मुलांचा असेल आणि रोड बाइक घरी राहील. दुसऱ्या दिवशी पहाटे शाळेच्या बससाठी उठायचे असल्यामुळे मला हा मार्ग अधिक पटतो. दुसरा मार्ग असा की सर्किटवरच जायचे, पण पहिला अर्धा-पाऊण तास त्यांनी मुलीबरोबर तिच्या वेगाने चालवायचे आणि मग गटात जायचे. आणि आठवड्याआड पाळी बदलून तुम्ही चालवायचे, त्यांनी मुलांजवळ थांबायचे. मुलगी एक फेरी पूर्ण करते तेवढ्यात ताशी ३६ किलोमीटरने जाणाऱ्याच्या तीन फेऱ्या होतात, म्हणजे मुलीला दिलेली एक फेरी ही त्यांच्या तीन फेऱ्यांची किंमत आहे. ती फार मोठी आहे असे मला वाटत नाही, पण ती उघडपणे मोजलेली बरी.

हे बोलणे सर्किटवर किंवा परतीच्या गाडीत करू नका. तेथे ते दमलेले असतील आणि तुम्ही चिडलेल्या असाल. घरी, सवडीने बोला, आणि सुरुवात “मला भीती वाटते” या वाक्याने न करता वर दिलेल्या वेगाच्या हिशोबाने करा. शक्य झाले तर एका संध्याकाळी त्यांना मुलीच्या मागे, तिच्याच वेगाने, एक फेरी मारायला सांगा. ताफ्यात चालवणाऱ्याला ताफा बाजूने जाताना कसा वाटतो हे कधी कळतच नाही, कारण तो नेहमी ओलांडणाऱ्यांच्या बाजूला असतो. एका फेरीत दोन-तीनदा तसा ताफा कानाजवळून गेला की तुमचे निम्मे काम झालेले असेल, आणि आपल्या गटाला लहान मुले दिसताच वेग कमी करायला आणि दुरूनच आवाज द्यायला तेच सांगू लागतील. असे सांगणारा माणूस गटातलाच असलेला बरा. बाहेरच्याचे कोणी ऐकत नाही.

काळवेळेचा विचारही यात येतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तेथे साडेपाचच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि हवा छान असते, पण फॉर्म्युला वनची शर्यतही त्याच सुमारास असल्याने तिच्या आधी काही काळ ट्रॅक सर्वांसाठी बंद राहतो. त्यामुळे मुलांसाठी जानेवारी ते मार्च हा काळ सर्वांत सोयीचा. जून ते सप्टेंबर सूर्यास्तानंतरही उकाडा आणि दमट हवा इतकी असते की मुलांना लांब अंतरावर नेऊच नये. रमजानमध्ये वेळा बदलतात. कोणत्याही महिन्यात गेलात तरी दार उघडताच पोहोचा आणि आठच्या आत निघा; सुरुवातीच्या वेळात कुटुंबे अधिक असतात, तर वेगवान गट कामावरून सुटून उशिरा जमतात.

सामानाबद्दल थोडेसेच. हेल्मेट तेथे सक्तीचे आहे, पण मुलांच्या डोक्यावर ते बहुधा मागे सरकलेले असते. भुवयांच्या वर दोन बोटांपेक्षा जास्त कपाळ दिसता कामा नये आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एक-दोन बोटेच जावीत. हातमोजे मी आवर्जून सांगते. गाड्यांच्या टायरांची पकड सुटू नये म्हणून या सर्किटच्या डांबरात इंग्लंडमधल्या श्रॉपशायरच्या खाणीतला खास खडा वापरलेला आहे. तो टायरांना जसा धरतो तसाच पडलेल्या मुलाच्या तळव्यांना आणि गुडघ्यांनाही खरवडतो. ट्रॅकवर दिवे असले तरी मुलीच्या सायकलला मागे लाल दिवा लावा. मोठ्यांच्या सायकलींच्या गर्दीत तो खालच्या उंचीवर लुकलुकणारा दिवा लगेच वेगळा ओळखू येतो.

यजमानांनी यातले काहीच मान्य केले नाही, तर त्या संध्याकाळी तुम्ही आणि मुले घरी राहा, आणि त्याबद्दल मनात अपराधी भावना ठेवू नका. मुलीला मात्र कारण नीट सांगा. “तुला जमणार नाही” असे नव्हे, तर “तुझ्याबरोबर चालवायला आज कोणी मोठे नाही” असे. मग हुदैरियातला सहा किलोमीटर चालवायला कधी जायचे, ते तिच्याबरोबर बसून ठरवा.